जनरेटर सुरू, फर्नेस बंद: टेक्सासच्या कडाक्यात लाइट गेल्यावर काय तपासायचं

लक्षण असं असतं. बाहेर पंधरा फॅरनहाइट, म्हणजे उणे नऊ सेल्सियसच्या आसपास. लाइट गेलेली. मागच्या अंगणात जनरेटर धडधडतोय, फ्रिज चालू आहे, मोबाइल चार्ज होतायत. फर्नेसला, म्हणजे घर तापवणाऱ्या गॅसच्या यंत्राला, वीज जोडली की आधी छोटा पंखा फिरतो, मग इग्नायटर लालभडक होतो, गॅस पेटल्याचा 'भप्' असा आवाज येतो, आणि पाच-सात सेकंदांत ज्योत विझते. थोड्या वेळाने पुन्हा तेच. तीन-चार प्रयत्न झाले की कंट्रोल बोर्डावरचा दिवा लुकलुकायला लागतो आणि फर्नेस गप्प होते. थर्मोस्टॅटवरचा आकडा मात्र ६५, ६३, ६१ असा उतरत राहतो.

२०२२ च्या नाताळाआधीच्या थंडीत डॅलसच्या उत्तरेला आमच्या घरी हे झालं. जनरेटर आम्ही २०२१ च्या फेब्रुवारीतल्या मोठ्या लोडशेडिंगनंतर घेतला होता. त्यावर फ्रिज चालवून पाहिला होता, दिवे लावून पाहिले होते. फर्नेस लावून पाहिली नव्हती. त्यानंतर ओळखीच्या सहा-सात घरांत मी हाच बिघाड पाहिला आहे, आणि दर जानेवारीत कुणाचा ना कुणाचा रात्री फोन येतो. प्रत्येक वेळी फोनवर सांगण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवते आहे.

ज्योत पेटते आणि विझते

बहुतेक वेळा फर्नेस बिघडलेली नसते. जनरेटरही बिघडलेला नसतो. घोळ न्यूट्रल आणि अर्थिंगच्या नात्यात असतो.

गॅस खरोखर पेटला की नाही, हे फर्नेसला कळावं लागतं. नाही तर न पेटलेला गॅस घरभर पसरेल. त्यासाठी ज्योतीत एक धातूची काडी असते, तिला फ्लेम सेन्सर म्हणतात. बोर्ड त्या काडीला व्होल्टेज देतो, आणि ज्योतीतून अगदी सूक्ष्म, मायक्रोअँपियरमध्ये मोजण्याइतका, करंट बर्नरच्या धातूत म्हणजे अर्थिंगला जातो. तो करंट वाहिला की बोर्ड समजतो, ज्योत आहे. पण हे वर्तुळ पुरं व्हायला न्यूट्रल आणि अर्थ कुठेतरी एकमेकांना जोडलेले असावे लागतात. घराच्या मुख्य पॅनेलमध्ये ते जोडलेलेच असतात. छोट्या पोर्टेबल जनरेटरमध्ये, विशेषतः इन्व्हर्टर प्रकारच्या, न्यूट्रल बहुधा मोकळा ठेवलेला असतो. मग जनरेटरची एक्स्टेन्शन वायर थेट फर्नेसला लावली की ज्योत असूनही बोर्डाला ती दिसत नाही, आणि बोर्ड गॅस बंद करतो. त्याच्या दृष्टीने तो बरोबरच वागतो.

हेच कारण आहे का, हे ओळखायची खूण सोपी आहे. लाइट असताना फर्नेस नीट चालते आणि जनरेटरवरच विझते, तर न्यूट्रलचा प्रश्न. दोन्हीकडे विझते, तर सेन्सरच्या काडीवर काजळी बसली आहे. ती काढून बारीक स्टीलवूलने हलक्या हाताने पुसा, बहुतेकदा तेवढ्याने भागतं. तिसरी शक्यता म्हणजे वायरचा फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले गेले असणं. घरी बनवलेल्या वायरींमध्ये मी हे दोनदा पाहिलं आहे.

न्यूट्रल मोकळा असेल तर उपाय म्हणजे बाँडिंग प्लग. तीन पिनांचा एक प्लग, ज्याच्या आत न्यूट्रल आणि अर्थ जोडलेले असतात. तो जनरेटरच्या रिकाम्या सॉकेटमध्ये बसवायचा. तयार मिळतो. घरी करू नका. चुकून फेज अर्थला जोडला गेला तर जनरेटरची सगळी चौकट जिवंत होते. आणि एक महत्त्वाची अट: जनरेटर जर इंटरलॉकमार्फत (तो काय असतो ते पुढे सांगते) घराच्या पॅनेलला जोडत असाल तर हा प्लग अजिबात लावायचा नाही. तिथे पॅनेलने ती जोडणी आधीच केलेली असते. दोन ठिकाणी जोडणी झाली की न्यूट्रलचा करंट अर्थच्या तारेतून वाहू लागतो, आणि काही जनरेटर त्यावर ट्रिपही होतात. आधी तुमच्या जनरेटरच्या पुस्तिकेत 'फ्लोटिंग न्यूट्रल' लिहिलं आहे की 'बाँडेड', ते पाहा.

अनेक घरांत फर्नेसला प्लगच नसतो, तार थेट भिंतीतून आलेली असते. अशा वेळी लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून फर्नेसपुरता एकाच सर्किटचा ट्रान्सफर स्विच, म्हणजे वीज ग्रिडची घ्यायची की जनरेटरची हे बदलणारा स्विच, बसवून घ्यावा. माझ्या मते गॅसची फर्नेस असलेल्या घराने जनरेटरवर पैसे घालण्याआधी हे काम करून घ्यावं.

आता जे कुणी करू नये असं: दोन्ही टोकांना पिना असलेली वायर बनवून जनरेटरची वीज कपडे वाळवायच्या ड्रायरच्या सॉकेटमधून घरात सोडणं. मेन बंद करायला विसरलात तर ती वीज उलटी ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते, तिथे हजारो व्होल्ट होते, आणि खांबावर बर्फात काम करणाऱ्या लाइनमनच्या हातात पोचते. इंटरलॉक म्हणजे मेन ब्रेकर आणि जनरेटरचा ब्रेकर एकाच वेळी चालू होऊ न देणारी लोखंडी पट्टी. त्या साध्या पट्टीवर कुणाचा तरी जीव अवलंबून असतो.

फर्नेस पेटण्याचा प्रयत्नच करत नाही

नव्या, जास्त कार्यक्षमतेच्या फर्नेसचा धूर पांढऱ्या पीव्हीसी पाइपातून जातो आणि त्यात पाणी सुटतं. ते पाणी वाहून नेणारी बारीक नळी अ‍ॅटिकमधून (छताखालच्या रिकाम्या जागेतून) किंवा बाहेरच्या भिंतीवरून गेली असेल तर कडाक्यात गोठते. पाणी मागे तुंबतं, प्रेशर स्विच उघडा राहतो आणि फर्नेस सुरूच होत नाही. केस वाळवायच्या ड्रायरने किंवा कोमट पाण्यात बुडवलेल्या फडक्याने नळी मोकळी करा. हवा घेणारा पाइप बाहेरून बर्फाने बुजलेला नाही ना, तेही पाहा. आणि फर्नेसचं झाकण नीट बसलेलं आहे का, हे तपासा. त्यामागे एक सुरक्षा स्विच असतो आणि घाईत झाकण अर्धवट लागलं की सगळं ठप्प होतं.

घरात गॅसच नाही, हीट पंप आहे

इथे छोट्या जनरेटरचा उपयोग नाही, हे स्पष्ट सांगते. टेक्सासमधली निम्म्याहून जास्त घरं विजेवर गरम होतात. थंडी वाढली की हीट पंपाला बाहेरच्या हवेतून उष्णता ओढणं जड जातं आणि आतल्या हीटरच्या पट्ट्या चालू होतात. थर्मोस्टॅटवर तेव्हा 'ऑक्स हीट' असं दिसतं. त्या पट्ट्या एकट्या १० ते १५ किलोवॅट खातात. गीझर पाच-सहा एकदम लावल्यासारखं समजा. दोन किलोवॅटच्या जनरेटरवर हे चालणार नाही.

अशा घरात एकच खोली राखावी. आतल्या बाजूची, छोटी, शक्य तर दक्षिणेला खिडकी असलेली. दाराच्या फटीला टॉवेल, खिडकीवर गोधडी, सगळी माणसं एकाच खोलीत. जनरेटरवर १,५०० वॅटचा एक तेलाचा रेडिएटर चालवा, बाकी काही नाही. एवढ्यात ती खोली राहण्याजोगी होते. दुकानात दिसणारे मोठाले आकडे बघून घाबरायचं कारण नाही.

लाइट नेमकी कशामुळे गेली?

हा प्रश्न आधी विचारायला हवा होता, पण थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाला आधी फर्नेस हवी असते. तरीही कारण कळलं तर किती तासांची तयारी करायची, हे ठरवता येतं.

पहिली गोष्ट, पॅनेल उघडून मेन ब्रेकर पाहा आणि खिडकीतून शेजारी पाहा. फक्त तुमचंच घर अंधारात असेल तर तार, मीटर किंवा ब्रेकर. चार-पाच घरं असतील तर बहुधा ट्रान्सफॉर्मर: सगळ्यांचे हीटर एकदम चालू असले की तो दमतो. वीज कंपनीला स्वतः कळवा. शेजाऱ्याने कळवलं असेल असं प्रत्येकाला वाटतं.

पूर्ण वस्ती अंधारात असेल तर दोन शक्यता उरतात, आणि त्या एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत.

एक म्हणजे तारा तुटणं. २०२३ च्या जानेवारीच्या शेवटी ऑस्टिनमध्ये हिमवृष्टी झालीच नाही; पडला तो गोठणारा पाऊस. ओक आणि सीडरच्या फांद्यांवर बर्फाचा जाड थर चढला, फांद्या मोडून तारांवर पडल्या. एका वेळी दीड लाखाहून जास्त ग्राहकांची वीज गेली होती आणि काही घरांना ती परत यायला आठवड्याहून जास्त लागला. राज्यात तेव्हा विजेचा तुटवडा नव्हता. वीज होती, ती घरापर्यंत यायला तार नव्हती. अशा वेळी 'ग्रिड सुरक्षित आहे' ही बातमी खरी असते आणि तुमच्या घरात तरीही अंधार असतो.

दुसरी शक्यता २०२१ ची.

तेव्हा काय झालं ते थोडं सविस्तर सांगते, कारण तीन वर्षांत इथे आलेल्या मंडळींना ते ठाऊक नसतं आणि जुन्यांना आठवतं ते अर्धवट. टेक्सासचा बहुतेक भाग स्वतःच्या वेगळ्या ग्रिडवर आहे. ती एर्कॉट नावाची संस्था सांभाळते. पूर्वेकडच्या ग्रिडशी आणि मेक्सिकोशी तिच्या जोडण्या आहेत, पण त्या सगळ्या मिळून १,२०० मेगावॅटच्या थोड्या वर, आणि त्या थंडीत मागणी होती ७० हजारांच्या घरात. म्हणजे संकटात शेजाऱ्याकडून वाटीभर साखर मिळू शकते, पोतं मिळत नाही.

१५ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे दीड वाजायच्या आत एर्कॉटने लोडशेडिंगचे आदेश द्यायला सुरुवात केली. वीजनिर्मितीचे संच एकामागून एक बंद पडत होते. इथली फ्रिक्वेन्सी ६० हर्ट्झ असते. दोन वाजायच्या आत ती ५९.३ वर आली. ५९.४ च्या खाली ती ४ मिनिटं २३ सेकंद राहिली. ९ मिनिटं राहिली असती तर उरलेले संच स्वतःला वाचवायला आपोआप सुटले असते आणि सगळं राज्य अंधारात गेलं असतं. मग ग्रिड शून्यातून पुन्हा उभी करावी लागते, त्याला दिवस नाही, आठवडेही लागू शकतात. आपल्याकडे ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य ग्रिड कोसळल्या तेव्हा पश्चिमेची ग्रिड वेगळी होऊन तगली आणि महाराष्ट्रात दिवे राहिले, हे काहींना आठवत असेल. कोसळलेल्या भागाला तेव्हा बाहेरून वीज देऊन उठवता आलं. टेक्सासला बाहेरचा हात फार छोटा आहे.

लोडशेडिंग २०,००० मेगावॅटपर्यंत गेलं आणि सत्तर तासांच्या वर चाललं. १६ तारखेला डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर उणे २ फॅरनहाइटची नोंद झाली, म्हणजे उणे १९ सेल्सियस; १९४९ नंतर इतकं खाली तापमान गेलं नव्हतं. ४५ लाखांहून जास्त घरं-दुकानं अंधारात होती.

दोष पवनचक्क्यांवर टाकला गेला, तो खरा नव्हता. नंतरच्या संघीय चौकशीत टेक्सास आणि शेजारच्या प्रदेशांतले मिळून १,०४५ संच बंद पडल्याचं किंवा कमी चालल्याचं आढळलं आणि त्या बिघाडांत सगळ्यांत मोठा वाटा नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या संचांचा, अर्ध्याहून जास्त होता. उपकरणं गोठली आणि इंधन पोचलं नाही, ही दोन मोठी कारणं. वायूच्या विहिरी गोठल्या. वायू पुढे ढकलणारे काही कॉम्प्रेसर विजेवर चालतात. त्यांच्या मालकांनी आपली जागा 'अत्यावश्यक' म्हणून नोंदवलेलीच नव्हती, म्हणून लोडशेडिंगमध्ये त्यांचीच वीज तोडली गेली. वायू कमी झाला, तसे आणखी संच बंद पडले. मोटार बंद म्हणून विहिरीचं पाणी नाही, आणि पाणी नाही म्हणून इंजिन तापून बंद, तसं ते चक्र होतं.

आणि हे नवं नव्हतं. १९८९ च्या डिसेंबरात झालं होतं. २ फेब्रुवारी २०११ ला ४,००० मेगावॅटचं लोडशेडिंग झालं, त्यानंतरच्या अहवालात यंत्रणा थंडीसाठी सज्ज करा असं लिहिलेलं होतं. ते सक्तीचं नव्हतं. टेक्सासमधलंच एल पासो शहर अमेरिकेच्या पश्चिमेच्या ग्रिडवर आहे, तिथल्या कंपनीने २०११ नंतर संच थंडीजोगे करून घेतले. २०२१ मध्ये तिथे फारशी लाइट गेली नाही. मला ही गोष्ट फार लागते. उपाय माहीत होता, त्याच राज्यात करून दाखवलेला होता, आणि तरीही राज्याच्या मोजदादीप्रमाणे २४६ माणसं गेली, बहुतेक थंडीने गारठून.

२०२१ च्या जूनमध्ये कायदा झाला, वीजसंचांची थंडीची तयारी सक्तीची झाली, तपासण्या सुरू झाल्या. ग्रिडवर मोठ्या बॅटऱ्या आल्या. डिसेंबर २०२२, जानेवारी २०२४, फेब्रुवारी २०२५ या थंड्यांत एर्कॉटला पुरवठ्याअभावी लोडशेडिंग करावं लागलं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये ते टेनेसी खोऱ्यात आणि कॅरोलिनांमध्ये करावं लागलं, जिथे कुणी ते अपेक्षिलं नव्हतं. म्हणून कॅरोलिनातल्या शार्लट-रालेच्या मंडळींनीही पुढचं वाचावं.

'आळीपाळीने' म्हणाले, मग माझीच लाइट तीन दिवस का?

२०२१ मध्ये हा राग सगळ्यांना होता. पलीकडच्या गल्लीत दिवे, आमच्याकडे अंधार. महाराष्ट्रातल्या गावाकडच्यांना हे पटकन कळेल: गावठाण फीडर वेगळा आणि शेतीपंपांचा वेगळा असतो, तसं इथेही घर कुठल्या फीडरवर आहे यावर सगळं ठरतं. ज्या फीडरवर रुग्णालय, अग्निशमन केंद्र किंवा पाण्याचा प्रकल्प आहे, तो तोडत नाहीत. काही फीडरांवर फ्रिक्वेन्सी घसरली की आपोआप तुटणारे रिले असतात, ते शेवटच्या रक्षणासाठी राखून ठेवायचे असतात. हे दोन्ही वगळून उरलेल्या फीडरांतूनच आळीपाळी करायची. तुटवडा इतका मोठा होता की उरलेले सगळे तोडूनही भागेना, मग फिरवायला काही उरलंच नाही.

म्हणून आपल्या भागात २०२१ मध्ये किती तास लाइट नव्हती, हे जुन्या शेजाऱ्यांना विचारा. घर घेताना शाळा पाहतो, तसं हेही पाहावं. जिथे लाइट गेलीच नव्हती, तो भाग बहुधा महत्त्वाच्या फीडरवर आहे. जिथे तीन दिवस नव्हती, तिथे तीन दिवसांची तयारी हवी.

किती बॅकअप पुरे

पुण्या-नाशकात वाढलेल्या आपल्या डोक्यात बॅकअप म्हणजे इन्व्हर्टर: दोन पंखे, चार दिवे, टीव्ही, दोन-तीन तास. तीच सवय घेऊन इथे लोक पॉवर स्टेशन, म्हणजे उचलून नेता येणारी मोठी बॅटरी, विकत घेतात आणि त्यावर वायफाय चालवतात. इथल्या हिवाळ्यात पहिला मान फर्नेसच्या ब्लोअरचा. गॅस घरात येतच असतो; २०२१ मध्येही घरगुती गॅसच्या लाइन बहुतेक ठिकाणी चालू राहिल्या. अडतं ते गरम हवा ढकलणाऱ्या पंख्यावर.

ब्लोअर साधारण ५०० ते ७०० वॅट घेतो, सुरू होताना क्षणभर दुप्पट-तिप्पट. कडाक्यात तो तासातली अर्धी वेळ चालतो, म्हणजे सरासरी ३०० वॅट धरा. २ किलोवॅट-तासाची बॅटरी त्यावर पाच-सहा तास जाईल, एक रात्रसुद्धा नाही. भिंतीवर बसवायची १३.५ किलोवॅट-तासाची बॅटरी फक्त फर्नेस आणि फ्रिजला दीड दिवस पुरवते, बाकी सगळं बंद ठेवलं तर. २,२०० वॅट लिहिलेला जनरेटर सलग १,८०० देतो. फर्नेस, फ्रिज आणि दिव्यांना तो पुरतो आणि दिवसाला सुमारे चार गॅलन पेट्रोल पितो. तीन दिवसांना बारा गॅलन. लाइट नसताना पंपावरचे पंपही चालत नाहीत, त्यामुळे हे आधी भरून ठेवायला हवं: पाच-पाच गॅलनचे तीन डबे, बाहेरच्या शेडमध्ये. गॅरेजात वॉटर हीटरच्या शेजारी कधीच नको.

छतावर सोलर आहे म्हणून निर्धास्त असलेल्यांनी एक गोष्ट तपासावी. बॅटरी नसलेलं सोलर ग्रिड गेली की आपणहून बंद होतं. लाइनमनच्या सुरक्षेसाठी तो नियमच आहे. भर उन्हातही घरात वीज येणार नाही.

लिथियमची बॅटरी गॅरेजात गारठवू नका. शून्य सेल्सियसच्या खाली ती चार्ज घेत नाही. घरात, खोलीच्या तापमानात ठेवा.

जनरेटरच सुरू होत नाही

दहातल्या आठ वेळा कारण एकच: मागच्या वर्षीचं पेट्रोल. इथल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते महिन्या-दोन महिन्यांत खराब व्हायला लागतं आणि कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांत चिकट थर बसतो. भरताना पेट्रोल टिकवणारं स्टॅबिलायझर घाला, ठेवताना कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवा. दुसरं कारण ऑइल. उन्हाळ्यातलं जाड ऑइल गारठ्यात काकवीसारखं होतं. हिवाळ्यासाठी ५डब्ल्यू-३० वापरा. प्रोपेनवर चालवत असाल तर छोट्या सिलिंडरमधून थंडीत गॅस पुरेसा सुटत नाही, बाहेरून दव गोठतं आणि इंजिन धापा टाकतं. मोठा सिलिंडर किंवा एकाला दोन जोडणं हाच उपाय. सिलिंडर तापवायचा नाही.

शेगडी

२०२१ मध्ये कोविडमुळे परतीचं विमान लांबलेल्या सासूबाई आमच्याकडे होत्या. दुसऱ्या रात्री घरात ४३ फॅरनहाइट झालं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, ती बाहेरची कोळशाची शेगडी आत आण ना, जरा ऊब येईल. आम्ही वाईला अख्खा पौष शेगडीवर काढायचो."

"नको आई," मी म्हटलं, "इथे जीव जाईल."

त्यांना ते पटायला वेळ लागला, आणि त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी खरं होतं. वाईच्या कौलारू घरात फटींतून धूर आपोआप निघून जायचा. इथलं घर झाकण घट्ट लावलेल्या डब्यासारखं असतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस उठत नाही. त्या आठवड्यात टेक्सासमध्ये शेकडो लोक याच विषबाधेने रुग्णालयात गेले, काही दगावले.

म्हणून: कोळसा, ग्रिल, कॅम्पिंगचा स्टोव्ह आत नाही. स्वयंपाकाच्या गॅसवर खिचडी टाकायला हरकत नाही, घर तापवायला तो पेटवून ठेवायचा नाही. जनरेटर घरापासून कमीत कमी २० फूट, धूर घराच्या उलट दिशेला, गॅरेजचं दार सताड उघडं असलं तरी गॅरेजात नाही. गॅरेजात बसून गाडी चालू ठेवून ऊब घ्यायची नाही. आणि बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म झोपायच्या खोलीबाहेर आजच लावा. यादीतलं बाकी काही जमलं नाही तरी हे करा.

पाणी

टेक्सासच्या घरांत पाण्याचे पाइप अ‍ॅटिकमधून जातात, उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली घरं ती. लाइट चालू आहे तोवर बाहेरच्या भिंतीकडचे नळ बारीक धारेने चालू ठेवा आणि सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा. शहराने धार सोडू नका असं सांगितलं असेल तर ते ऐका. २०२१ मध्ये सगळ्यांनी नळ सोडले, पाइप फुटले, दाब पडला आणि एक कोटीहून जास्त लोकांना पाणी उकळून प्यायची वेळ आली.

लाइट जाऊन घर ४० फॅरनहाइटच्या खाली चाललं असेल तर धारेवर भिस्त ठेवू नका. मीटरच्या पेटीतला मेन व्हॉल्व्ह बंद करा, सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा नळ उघडा, पाइप रिकामे होऊ द्या. त्याची चावी, लांब दांड्याची, आधीच विकत घेऊन ठेवा, आणि ती पेटी कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला दाखवा. बर्फाखाली ती सापडत नाही.

टँकलेस वॉटर हीटर बाहेरच्या भिंतीवर असेल तर जास्त काळजी घ्या. तो गोठू नये म्हणून आत छोटे हीटर असतात, पण ते विजेवर चालतात. लाइट गेली की ते संरक्षण संपतं आणि काही तासांत आतली तांब्याची नळी फुटू शकते. खालचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून त्याचं पाणी काढून टाका, किंवा छोट्या बॅटरीवर फक्त तेवढाच चालू ठेवा. फार थोडी वीज लागते.

लाइट आली आणि पुन्हा गेली

आनंदाच्या भरात सगळे सगळं चालू करतात. दोन दिवस गारठलेल्या वस्तीतले सगळे हीटर, सगळे वॉटर हीटर, सगळे फ्रिज एकाच सेकंदाला पूर्ण ताकदीने ओढायला लागतात. नेहमी ते आळीपाळीने चालतात, आज एकदम. फीडर पुन्हा ट्रिप होतो. म्हणून लाइट गेली त्याच वेळी पॅनेलमध्ये जाऊन हीटिंग, वॉटर हीटर, ओव्हन आणि गाडीच्या चार्जरचे ब्रेकर पाडून ठेवा आणि एक दिवा चालू ठेवा. तो लागला की पंधरा-वीस मिनिटं थांबा. मग फर्नेस. घर जरा उबदार झालं की वॉटर हीटर, तोही पाणी भरल्याची खात्री झाल्यावर. रिकाम्या टाकीत विजेचा हीटर चालू केला तर तो जळतो.

पाण्याचा मेन व्हॉल्व्ह पाव फेरा उघडा आणि मीटरवरचा छोटा त्रिकोण पाहा. घरातले सगळे नळ बंद असताना तो फिरत असेल तर कुठेतरी पाइप फुटला आहे. व्हॉल्व्ह परत बंद करा, टॉर्च घ्या आणि आधी अ‍ॅटिकमध्ये जा.